उंच केलेल्या थार आणि घाटरस्ते

महोदय,

सस्पेन्शन दोन-तीन इंच उचलून मोठे टायर चढवलेल्या थार ताम्हिणी घाटात हल्ली सर्रास दिसतात. चिखलात, खडकांवर याचा उपयोग होतो, हे मान्य. पण गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. मोठ्या, जड टायरांमुळे ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते आणि स्पीडोमीटर तर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो! समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर हेडलाइटचा झोत येतो, तो वेगळाच. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलांसाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी उंच करण्याचे किट बसवणाऱ्या गॅरेजवाल्यांनी ग्राहकाला हे आधीच सांगायला नको का? परिवहन विभागाने घाटाच्या पायथ्याशी शनिवार-रविवारी तपासणी सुरू करावी.

– एक वाचक, पुणे