रविवार कारंज्याजवळच्या दुरुस्तीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला असलं पत्रबित्र आवडणार नाही, ठाऊक आहे. पण नाशकात गिटार वाजवणारी पोरं आता बरीच झाली आहेत. त्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

गणपतीच्या तोंडावर माझ्या गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचा, आवाज मधेच बसायचा आणि आपोआप परत यायचा. एका दुकानात न उघडताच निकाल दिला, 'आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलाय, नवा अ‍ॅम्प घ्या.' तुम्ही आधी स्पीकरची वायर नीट बसलीय का ते पाहिलंत, कारण स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प वाजवला तर तो ट्रान्सफॉर्मर खरंच जळू शकतो. मग गिटारची केबल बदललीत. आणि मग मागच्या सेंड आणि रिटर्न जॅकांमध्ये, म्हणजे बाहेरचं पेडल मधे जोडायच्या भोकांमध्ये, एक छोटी केबल खुपसलीत. आवाज खणखणीत! 'ट्रान्सफॉर्मरला काही धाड भरलेली नाही,' एवढंच बोललात.

रिटर्नमध्ये काही लावलेलं नसलं की आतल्या दोन पत्र्या एकमेकींना टेकतात आणि सिग्नल त्यांच्यातून पुढे जातो. पावसाळी हवेनं त्या काळवंडल्या होत्या. अ‍ॅम्प उघडताना मला लांब उभं केलंत, त्याचे वेगळे आभार. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणाऱ्या भागांमध्ये, ४०० व्होल्टच्या आसपास साठून राहू शकतात. करंट छातीतून जाऊ नये म्हणून तुम्ही डावा हात खिशात घातलात, रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे केलेत आणि मीटरचा आकडा शून्याशी येईपर्यंत दुसरं कशाला शिवला नाहीत. नंतर क्लीनरचा एक फवारा आणि जुन्या लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी. ती पत्र्यांमधून ओढलीत तर तिच्यावर काळीकुट्ट रेघ, दुसऱ्यांदा फिकी. झालं काम. पैसे घेतलेत ते फक्त क्लीनरचे, हे मात्र मला अजून पटलेलं नाही.

हमचं, म्हणजे अ‍ॅम्पमधून येणाऱ्या एकसारख्या घूं आवाजाचं, तुम्ही शिकवलेलं गणित तर मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय. व्हॉल्यूम शून्यावर आणा. हम गेला तर भानगड गिटार, केबल, पेडल किंवा पहिल्या व्हॉल्व्हकडे. राहिला तर पुढे, पॉवरच्या बाजूला. आपली लाइन ५० हर्ट्झची. फिल्टर कपॅसिटर थकले की रेक्टिफायरनंतरचा (एसीचं डीसी करणारा भाग) १०० हर्ट्झचा सूर ऐकू येतो, बरोबर एक सप्तक वर. त्यात माझी एक भर: गिटारवाल्यांनी सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट वाजवून बघावा. तो सूर 'जी' (G), म्हणजे ९८ हर्ट्झ, हम त्याच्याशी जुळला तर कपॅसिटरवर संशय घ्यायला हरकत नाही.

आणि ते अर्थिंग! मांडवात हम आला की कुणीतरी हमखास सांगतो, 'तिसरी पिन तोडून टाक, थांबेल.' थांबतोही. पण मग आत काही बिघडून बॉडीत करंट उतरला, तर तो तारांवाटे वाजवणाऱ्याच्या हातात. तुम्ही सांगितल्याप्रमाणे यंदा अ‍ॅम्प आणि पेडल एकाच बोर्डावर घेतले. हम गेला, पिन शाबूत.

आता एक काम. आमच्या बास वाजवणाऱ्यानं अमेरिकेहून अ‍ॅम्प आणलाय, १२० व्होल्टचा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्याला मी प्लग लावू दिलेला नाही. घेऊन येतो, दुकान कोणत्या दिवशी बंद असतं तेवढं कळवा. आणि या वेळी मजुरी घ्यायची, आधीच सांगून ठेवतो.

तुमचा,
कॉलेज रोडचा गिटारवाला