बहात्तर विरुद्ध पंचवीस

नॅशव्हिल,
दि. ३ सप्टेंबर २०२३

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून चार महिन्यांहून अधिक काळ झाला आणि उत्तराला झालेल्या उशिराबद्दल तू मला जे काही म्हणशील ते मी मुकाट्याने ऐकून घेईन. येथल्या विधानसभेने एप्रिलमध्ये दोन आमदारांची हकालपट्टी केली, तो विषय तू एकाच वाक्यात निकालात काढला होतास, की सभागृहाचे नियम मोडून हौद्यात उतरणाऱ्या आमदाराला शिक्षा होणारच, त्याला काय हार घालायचे? वकिली पेशातल्या माणसाला शोभणारे वाक्य आहे, आणि म्हणूनच मला ते इतके दिवस टोचत राहिले. टेनेसी राज्याच्या राजधानीच्या ज्या गावात मी चौदा वर्षे राहतो, जेथे मला अजून मताचा अधिकार नाही, तेथे हे सारे घडले. आता गेल्या आठवड्यात विधिमंडळाचे खास अधिवेशनही संपले, तेव्हा सविस्तर लिहावे असे वाटले.

सुरुवात सभागृहात झालेली नाही, एवढे आधी लक्षात घे. २७ मार्चला, सोमवारी सकाळी, शहराच्या ग्रीन हिल्स भागातील कव्हेनंट नावाच्या एका खासगी ख्रिस्ती शाळेत बंदूकधारी घुसला आणि नऊ वर्षांची तीन मुले व शाळेतील तीन मोठी माणसे मारली गेली. आमची अनुजा त्या वेळी तिच्या शाळेत, तेथून अकरा मैलांवर होती. त्या दिवशी दुपारी शाळेबाहेर पालकांच्या गाड्यांची जी रांग लागली होती तिच्यात कोणी हॉर्न वाजवत नव्हते, हे मला अजून आठवते. येथे २०२१ पासून परवान्याशिवाय हातबंदूक बाळगून फिरण्याची बहुतेक प्रौढांना मुभा आहे. ज्याच्यापासून उघड धोका दिसतो त्याच्याकडील शस्त्र न्यायालयाच्या आदेशाने काही काळ काढून घेता यावे, असा कायदाही या राज्यात नाही. लोक रस्त्यावर आले ते एवढ्यासाठी.

३० मार्चला टेकडीवरील विधानभवनाभोवती हजारो माणसे जमली, त्यांत शाळेची मुले पुष्कळ होती. ही इमारत तू पाहायला हवीस. १८५९ मध्ये पूर्ण झालेली, चुनखडीची, आणि ज्या वास्तुविशारदाने ती बांधायला घेतली तो विल्यम स्ट्रिकलंड काम संपण्याआधीच वारला म्हणून त्याला तिच्याच भिंतीत पुरलेले आहे. त्या दिवशी आत प्रेक्षक गॅलरी भरलेली होती. सभागृहात दुसऱ्याच विधेयकांवर कामकाज चालले होते आणि बंदुकांच्या प्रश्नावर बोलू दिले जात नाही, अशी विरोधकांची तक्रार होती. दोन विधेयकांच्या मधल्या वेळेत डेमोक्रॅटिक पक्षाचे तीन सदस्य, नॅशव्हिलचे जस्टिन जोन्स, मेम्फिसचे जस्टिन पिअर्सन आणि नॉक्सव्हिलच्या ग्लोरिया जॉन्सन, अध्यक्षांची परवानगी न घेता पुढे आले. जोन्स आणि पिअर्सन यांनी हातातल्या भोंग्यातून गॅलरीतील लोकांबरोबर घोषणा दिल्या. जॉन्सनबाई शेजारी उभ्या राहिल्या, भोंगा त्यांनी घेतला नाही. कामकाज तासाभरासाठी थांबले. मारहाण नाही, मोडतोड नाही. नियम मात्र मोडला गेला, हे मी तुझ्याइतक्याच स्पष्टपणे मान्य करतो, आणि त्या तिघांनीही ते नाकारले नाही.

माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. नियम मोडल्यावर शिक्षेची एक उतरंड असते. समज देता येते, निंदेचा ठराव करता येतो, समित्यांवरून काढता येते. यातील शेवटचे तर होऊनही गेले होते. जोन्स आणि जॉन्सन यांची समित्यांवरची नावे वगळली गेली. तेवढ्यावर न थांबता थेट शेवटच्या पायरीवर उडी घेण्यात आली. अध्यक्ष कॅमेरून सेक्स्टन यांनी या प्रकाराची तुलना सत्ता उलथवण्यासाठी केलेल्या उठावाशी केली. या राज्याची घटना सांगते की दोनतृतीयांश मतांनी सभागृह आपल्या सदस्याला काढू शकते, पण त्याच अपराधासाठी दुसऱ्यांदा नाही. हे शेवटचे पाच शब्द ज्याने लिहिले त्याला सभागृहांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा. आजवर या अधिकाराचा वापर कशासाठी झाला ते पाहा: १८६६ मध्ये, गुलामीतून सुटलेल्यांना नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीला मंजुरी मिळू नये म्हणून कामकाजाला लागणारी किमान गणसंख्या मोडू पाहणारे सहा जण, १९८० मध्ये लाचेच्या प्रकरणातील एक, २०१६ मध्ये महिलांशी गैरवर्तनाचे आरोप झालेला एक. आणि आता भोंगा.

६ एप्रिलला, तिघांच्या हकालपट्टीच्या ठरावांवर मतदान होते त्या दिवशी, मी अर्धा दिवस रजा टाकून टेकडीवर गेलो आणि दुपारनंतर घरी येऊन उरलेले कामकाज थेट प्रक्षेपणावर पाहिले. खटल्यासारखे चालले होते ते, पण न्यायाधीश आणि फिर्यादी एकाच बाकावरचे. सभागृहात ९९ जागा, त्यांपैकी ७५ रिपब्लिकन, म्हणजे लागणारी ६६ मते एकाच पक्षाकडे तयार होती. जोन्स आधी उभे राहिले. वय सत्तावीस, जानेवारीतच सभागृहात आलेले. निकाल बहात्तर विरुद्ध पंचवीस. मग जॉन्सनबाईंची पाळी आली. या पूर्वी शाळेत शिकवत असत, आणि २००८ साली नॉक्सव्हिलच्या ज्या शाळेत एका विद्यार्थ्याला गोळी घालून मारण्यात आले तेथे त्या दिवशी हजर होत्या; ते त्यांनी सांगितले. आपण भोंगा हातात घेतला नव्हता, हेही त्यांच्या बाजूने मांडण्यात आले. पासष्ट विरुद्ध तीस. एका मताने वाचल्या. बाहेर आल्यावर बातमीदारांनी विचारले की तुम्हीच का वाचलात, तर त्यांनी उत्तर दिले की आमच्या कातडीच्या रंगाशी त्याचा काही संबंध असू शकेल. त्या गोऱ्या आहेत आणि ते दोघे तरुण काळे. (याच बाईंनी पूर्वी सेक्स्टन यांना अध्यक्षपदासाठी मत दिले नव्हते, तेव्हा त्यांना कार्यालय म्हणून खिडकी नसलेली एक लहान खोली मिळाली, त्यांनी आपले टेबल उचलून व्हरांड्यात मांडले होते.)

बहुमतवाल्यांचे म्हणणे असे की प्रत्येकाचे वर्तन वेगळे, म्हणून मतेही वेगळी पडली. हे अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. जी बाई शेजारी उभी राहिली पण जिने भोंगा घेतला नाही तिला थोडी सवलत मिळावी, हे तुझ्यासारखा वकील न्यायालयात मांडू शकेल. पण पिअर्सन यांच्या वेळी जे घडले ते मी स्वतःच्या कानांनी ऐकले. ठराव मांडणारे अँड्र्यू फार्मर त्यांना उद्देशून म्हणाले की मनासारखे झाले नाही म्हणून मित्रांना घेऊन पुढे यायचे आणि पोरकट हट्ट करायचा, हे चालणार नाही. पिअर्सन क्षणभर थांबले आणि सभागृहाकडे वळून त्यांनी विचारले की तुम्ही सर्वांनी हे ऐकले ना, तुमच्यापैकी किती जणांना आपल्याशी असे बोललेले चालेल? कोणी उत्तर दिले नाही. स्वयंपाकघरात आमटी उतू गेली आणि माझ्या लक्षात आले नाही. एकोणसत्तर विरुद्ध सव्वीस.

आता तुझ्या शहाणपणाचा प्रश्न. तू म्हणशील, ठीक आहे, शिक्षा जास्त झाली, पण सभागृह आपल्या दाराचे मालक आहे. दाराचे आहे, खुर्चीचे नाही. एकेका मतदारसंघात येथे सुमारे सत्तर हजार माणसे राहतात. त्यांना त्या दिवसापासून सभागृहात कोणी नव्हते, आणि ज्या वेळी राज्यभर याच विषयावर बोलले जात होते त्याच वेळी नव्हते. तुला २०२१ च्या जुलैतले आपल्याकडचे प्रकरण आठवत असेल. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी गैरवर्तन केल्याच्या कारणावरून भाजपचे बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले होते. त्या वेळी तू मला फोनवर अगदी उलटे सांगत होतास! जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केले आणि म्हटले की हे हकालपट्टीपेक्षाही वाईट आहे, कारण हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि ती भरावी लागते. वर्षभराच्या निलंबनात मतदारसंघालाच शिक्षा होते. तेव्हा तुला हा तर्क फार आवडला होता. त्या आमदारांचा पक्ष तुला जवळचा आणि येथल्या तिघांचा परका, एवढ्याने तर्क बदलू नये.

आणि गंमत अशी, की येथे तो तर्क पुढच्या सात दिवसांत डोळ्यांसमोर चालून दाखवला गेला. राज्यघटनेनुसार रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक होईपर्यंत स्थानिक लोकनियुक्त संस्थेला तात्पुरता सदस्य नेमता येतो, आणि काढलेल्या माणसालाच पुन्हा नेमू नये असे कोठे लिहिलेले नाही. १० एप्रिलला, चौथ्याच दिवशी, नॅशव्हिलच्या नगर परिषदेची बैठक झाली. नाव सुचवणे आणि निवड करणे एकाच बैठकीत होऊ नये असा परिषदेचा नियम आहे. तो त्यांनी बाजूला ठेवला. (नियम मोडणारे आणि नियम स्थगित करणारे यांच्यात फरक असतो तो एवढाच, की दुसऱ्यांना आधी मतदान करता येते.) छत्तीस विरुद्ध शून्य. जोन्स तेथून मिरवणुकीने चढाव चढून विधानभवनापर्यंत गेले, पायऱ्यांवर शपथ घेतली आणि जॉन्सनबाईंच्या हातात हात घालून आत शिरले. मी त्या गर्दीच्या शेपटाला होतो. पुढे एक म्हातारी बाई चालत होती, तिच्या हातात घडीची खुर्ची होती आणि दर पन्नास पावलांवर ती खुर्ची उघडून बसायची, मग मिटवून पुन्हा चालायची. दोन दिवसांनी मेम्फिसमध्ये पिअर्सन यांचे समर्थक राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालयापासून, म्हणजे १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांना जेथे गोळी घालण्यात आली त्या लॉरेन मोटेलपासून, शेल्बी परगण्याच्या मंडळाच्या बैठकीपर्यंत चालत गेले. तेरा सदस्यांच्या त्या मंडळात सात जणांनी त्यांच्या बाजूने मत दिले, विरोधात कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी तेही शपथ घेऊन परत आले. ३ ऑगस्टच्या विशेष निवडणुकीत दोघेही मोठ्या फरकाने निवडून आले.

म्हणजे बहुमताने तीन दिवसांची तयारी करून, दिवसभर चर्चा घडवून, दोन तरुणांना जे दिले ते काय, तर पंधरवड्यापूर्वी राज्याबाहेर ज्यांची नावे कोणाला माहीत नव्हती त्यांना देशभर ओळख. उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस हकालपट्टीच्या दुसऱ्याच दिवशी येथे येऊन त्या तिघांना भेटल्या. महिनाअखेरीस राष्ट्राध्यक्षांनी त्यांना वॉशिंग्टनला बोलावले. राजकारणातला हिशेब म्हणून पाहिले तरी हा व्यवहार आतबट्ट्याचा झाला.

पण मकरंद, हे लिहून मला समाधान वाटत नाही, ते याच्यासाठी, की ज्याकरिता तिघे पुढे आले होते ते मध्येच कोठे तरी गळून पडले. राज्यपाल बिल ली हे रिपब्लिकन असूनही त्यांनी धोकादायक व्यक्तीकडील शस्त्र काढून घेण्याच्या कायद्याची मागणी केली. एप्रिलमध्ये सभागृह त्यावर काही न करता उठले. मग त्यांनी २१ ऑगस्टपासून खास अधिवेशन बोलावले. कव्हेनंटच्या पालकांपैकी काही जण रोज समित्यांच्या खोल्यांत येऊन बसत. गॅलरीत कागदी फलक धरण्यास बंदी घातली गेली आणि ती न्यायालयाला रोखावी लागली. आठवडाभरानंतर हाती आले ते काय, तर बंदुकीच्या कुलपांवरील विक्रीकर माफ करणे वगैरे. २८ ऑगस्टला जोन्स विषय सोडून बोलत आहेत असे ठरवून त्यांना दिवसभर बोलण्यास मनाई करण्यात आली आणि डेमोक्रॅटिक सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. आपण दोघे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात गॅलरीचे पास काढून बसलो होतो, तेव्हा पासाच्या मागे टाळ्या वाजवू नयेत असे छापले होते आणि तू ते मला मोठ्याने वाचून दाखवल्यामुळे शिपाई आपल्याकडे बघू लागला होता, ते मला त्या आठवड्यात वारंवार आठवले.

तुला उत्तर द्यायला मला एवढा वेळ लागला याचे खरे कारणही सांगतो. एप्रिलमध्ये मी हेच पत्र लिहायला घेतले होते आणि ते फार विजयी सुरात उतरले होते. छत्तीस विरुद्ध शून्य येथे संपत होते. ते फाडून टाकले.

वहिनींना नमस्कार सांग. त्या बारा आमदारांच्या निकालपत्राची छापील प्रत तुझ्याकडे असेल तर तिचा संदर्भ-क्रमांक कळव, म्हणजे मला येथल्या एका वकील मित्राला ती दाखवता येईल. अनुजा यंदा पाचवीत गेली. गुरुवारी तिच्या शाळेत पुन्हा तो सराव आहे, ज्यात मुलांनी दाराच्या आडोशाला भिंतीला टेकून न बोलता बसायचे असते. वर्गातल्या मुलांना कामे वाटून दिली आहेत आणि दिवे बंद करण्याचे काम या वर्षी तिच्याकडे आले आहे; काल रात्री तिने आमच्या बैठकीच्या खोलीतले बटण दहा-बारा वेळा, आवाज न होता, दाबून पाहिले.

तुझा,
श्रीधर