वळवाच्या विजा आणि आपला टीव्ही

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वीज समोरच्या सोसायटीवर पडली, आपला टीव्ही तर बंद होता, मग जळला कसा?" नीट सांगायचं म्हणून लिहितेय.

वीज आपल्याच घरावर पडायला हवी असं नाही. पडणाऱ्या विजेत साधारण 30,000 अँपिअरचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत उसळतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र इतक्या झपाट्यानं बदलतं की जवळपासच्या लांब तारांमध्ये विजेचा दाब तयार होतो. आपल्याकडे गच्चीवरून उतरलेली केबल आहे, इंटरनेटची वायर आहे, मीटरपासून वर आलेली वायर आहे. टीव्हीतल्या चिपा चालतात जेमतेम 3 ते 5 व्होल्टवर. हजारो व्होल्टचा झटका त्या कशा सोसणार? रिमोटनं बंद केलेला टीव्ही या तारांना जोडलेलाच असतो. भिंतीवरचं बटण बंद केलं तरी त्यातली फट काही मिलिमीटरचीच, मोठा झटका ती ओलांडतो. एमसीबीला, म्हणजे जास्त प्रवाह आला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, तर पडायलाही वेळ मिळत नाही. गच्चीवरचा वीजवाहक इमारत वाचवतो, आतल्या वस्तूंची हमी तो देत नाही.

म्हणून वळवाचे ढग दाटले की गडगडाट लांब असतानाच प्लग आणि केबल, दोन्ही काढा. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास कुठे विजा पडताहेत ते दाखवतं. आई, ते तुझ्या मोबाइलमध्ये घालून देते.

पण बाबा, विजा डोक्यावर आल्यावर प्लग काढायला धावायचं नाही. याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. टीव्ही जळला तर जळू दे, दुसरा येईल. तेव्हा वायरला, लँडलाइनला, चार्जिंगला लावलेल्या मोबाइलला हात नको. आई, तूही नळाखाली भांडी घासत उभी राहू नकोस. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे असा झटका वस्तूपर्यंत पोचू न देणारं उपकरण, मी घेऊन येतेय. पण अर्थिंग धड नसेल तर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि आपली कर्वेनगरची इमारत जुनी. शनिवारी सकाळी वायरमनला बोलावून ठेवा, मी असतानाच अर्थिंग तपासून घेऊ. तोवर नवा टीव्ही खोक्यातच राहू दे.

तुमची,
मनू