कथेतला सावकार इतका सोपा का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील कथा आमच्या गावच्या वाचनालयात आवर्जून वाचल्या जातात आणि त्यांवर वादही होतात. विदर्भातील खेड्यांवर बेतलेल्या कथांमध्ये एक गोष्ट सातत्याने खटकते, ती मांडण्यासाठी हे पत्र. या कथांतील शेतकरी सोशिक, सावकार क्रूर, सरपंच लबाड आणि शहरातून परतलेला मुलगा शहाणा असतो. पहिल्या परिच्छेदात ज्याची जी ओळख होते तीच शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे संघर्षाच्या नावाखाली आपल्याला केवळ छळाचे वर्णन वाचायला मिळते, कारण कोणालाही काही ठरवावेच लागत नाही.

ठरावीक साच्याचे पात्र मुळातच टाकाऊ, असे मला म्हणायचे नाही. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमधील व्याख्यानांत सपाट (एकाच गुणाभोवती बेतलेली) आणि गोलाकार (अनेक पैलूंची) असे पात्रांचे दोन प्रकार सांगितले, तेव्हा सपाट पात्रांचा उपयोगही मान्य केला होता. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके रंगतात. तिथे अगदी मागे बसलेल्या प्रेक्षकालाही खलनायक रंगमंचावर येताच ओळखू यावा लागतो. कथेचा वाचक मात्र एकटा, सवडीने वाचणारा असतो. पात्राने आपल्याला चकित करावे आणि तरीही ते पटावे, ही फॉर्स्टर यांची कसोटी त्याला लावता येते.

माझ्या मते संघर्ष दोन माणसांच्या झुंजीत असतो त्याहून अधिक एकाच माणसाच्या दोन रास्त इच्छांत असतो. भाव वाढेल या आशेने कापूस घरात भरून ठेवणारा शेतकरी घ्या. वेचणीची मजुरी द्यायची आहे, बी-बियाणे, खते विकणाऱ्या कृषी केंद्राची उधारी थकली आहे, गावोगाव फिरून कापूस घेणारा खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात उभा आहे, कापसामुळे लेकरांच्या अंगाला खाज सुटली आहे आणि बायको ‘इकून टाका एकदाचा’ म्हणते आहे. तरीही तो विकत नाही. हा हट्ट की हिशेब, हे त्यालाही धड सांगता येत नाही. लेखकाने लेखणी उचलावी ती इथे. कृषी केंद्रवालाही वितरकाचा देणेकरी असतो, म्हणून वसुलीला निघताना त्याचाही पाय अडखळतो, एवढे लिहिले तरी तो खलनायक राहत नाही आणि प्रसंग मात्र अधिक बोचरा होतो. (सावकारी जाच खोटा आहे, असा याचा अर्थ कृपया कोणी काढू नये, तो आम्ही जवळून पाहतो.)

भाषेचेही तसेच. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोले, तर विदूषक आणि बहुतेक स्त्रिया प्राकृत. आपल्या कथांतही नायकाला प्रमाण मराठी मिळते आणि वऱ्हाडी बोली गड्याच्या किंवा म्हातारीच्या वाट्याला येते, तीही हशा पिकवण्यापुरती. उद्धव शेळके यांनी १९६० साली आलेल्या ‘धग’मध्ये हीच बोली नायिका कौतिकच्या तोंडी देऊन सबंध शोकात्म कादंबरी उभी केली. तिचा नवरा महादेव दुष्ट नाही, दुबळा आहे. म्हणूनच कौतिकला त्याच्याशी धड भांडताही येत नाही आणि त्याला सोडताही येत नाही.

आपल्या कथास्पर्धेसाठी ‘ग्रामीण समस्येवर आधारित’ कथा मागवल्या जातात. या शब्दरचनेमुळेच लेखक आधी समस्या निवडतो आणि मग तिला माणसे चिकटवतो, अशी मला शंका आहे. पुढील वर्षी ही अट वगळावी आणि परीक्षकांनी हीच कथा सावकाराच्या बाजूने सांगता येईल का, हे तपासून निवड करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
जि. यवतमाळ