पन्नाशी ओलांडलेल्या झाडाला गावातही संरक्षण द्या

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सा. न. वि. वि.

वऱ्हाडातल्या आमच्या गावाला लागून एका विद्यापीठाचं आवार आहे. फाटकापासून ग्रंथालयापर्यंत दुतर्फा जुने कडुनिंब, वसतिगृहामागे एक वड. रस्ता रुंद करायचा आणि सभागृह बांधायचं म्हणून या खोडांवर आता लाल रंगाने आकडे टाकले आहेत.

२०२१ साली राज्याने १९७५ च्या झाडांच्या कायद्यात दुरुस्ती केली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड पुरातन वृक्ष ठरलं. ते तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, असंही ठरलं. फार चांगलं झालं. पण हा कायदा नागरी भागाचा. आमचं आवार ग्रामपंचायतीच्या हद्दीत. इथे लागतो १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा, आणि तो झाडाचं वय नाही, जात बघतो. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ आहेत. कडुनिंब नाही, वडही नाही. नागपूर-अमरावतीत ज्या वयाच्या झाडाला आधार मिळतो, तो आमच्या झाडांना नाही. हे अन्यायाचं आहे.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो. एसटीने येणारी पोरं पेपरची घंटा होईपर्यंत याच सावलीत वाचत बसतात. मृगाच्या सुमारास निंबोळ्या पडल्या की गावातल्या बाया टोपल्या घेऊन येतात. वाळवून, कुटून ५ किलो पूड रात्रभर भिजवायची, गाळून १०० लिटर पाणी करायचं, की कपाशीवर फवारायला ५ टक्क्यांचा अर्क तयार. वडाच्या ढोलीत राखी धनेशाची मादी तोंड लिंपून अंड्यांवर बसते, नर फटीतून तिला फळं भरवतो. अशी ढोली व्हायला खोड जुनंच लागतं. बदल्यात लावलेल्या रोपात ती कुठून येणार?

साहेब, ग्रामीण भागालाही वयाचा निकष लावा. जात कोणतीही असो, ५० वर्षांवरचं झाड लोकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय तुटू नये. तोवर सार्वजनिक संस्थांच्या आवारातल्या जुन्या झाडांची तोड थांबवा. आमच्याकडे जागेची अडचण नाही. मागे पडीक माळ आहे, सभागृह तिथे होऊ शकतं, रस्ताही तिकडून काढता येतो. हे आम्ही लेखी दिलं, उत्तर नाही. पावसाळ्याआधी काम सुरू करणार म्हणतात. आपला आदेश त्याआधी निघावा, ही विनंती.

आपला,
याच विद्यापीठाचा माजी विद्यार्थी, कापूस उत्पादक शेतकरी