वयापेक्षा समजूतदार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लेकीचं गाणं कंपनीवाल्यांना आवडलं, हे वाचून आनंद झाला. पण तो माणूस म्हणतोय ना, "ती वयापेक्षा समजूतदार आहे, करारावर सही तिलाच करू द्या," तिथे मी अडखळलो. आणि तूही वर विचारतोस, सोळाव्या वर्षी ती घरातल्या चार मोठ्यांपेक्षा नीट विचार करते, मग अठराचं खूळ कशाला?

अरे, अक्कल मोजायला ती अट नाहीच. शांतपणे, वेळ देऊन विचारलं तर या वयाची मुलं जवळजवळ मोठ्यांइतकाच नेटका विचार करतात, असं मेंदूचा अभ्यास करणारेच सांगतात. गडबड होते ती भावना उसळल्या की, किंवा दोस्तमंडळी बघत असली की. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात मुलांना गाडी चालवायचा व्हिडिओ गेम दिला होता. एकटं खेळणाऱ्यांपेक्षा मित्र शेजारी असलेल्यांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. पिवळा दिवा लागला तरी गाडी दामटली. चोविशीच्या पुढच्यांना मात्र मित्र असले काय, नसले काय, फारसा फरक पडला नाही.

त्यातून मोठा माणूस फसला तर भांडतो, नोकरी सोडतो, वकील गाठतो. मुलाने ज्याच्या जिवावर जगायचं, त्यालाच नाही कसं म्हणायचं?

तू म्हणशील, मग प्रत्येकाची समज तपासा, सरसकट वय कशाला? तेही करून झालंय. इंग्लंडात १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. पण सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८३७ मध्ये. तोवर डॉक्टरने पोराकडे बघायचं आणि 'नऊचा दिसतो' असा दाखला द्यायचा. पुढे तर दात बघून वय ठरवायची टूम निघाली. मालकाला स्वस्तात हात हवे होते, कितीतरी घरांना ती मजुरी हवी होती. पोर मोठं 'दिसण्यात' सगळ्यांचाच फायदा, एक पोर सोडून. जन्मतारखेला असं पटवता येत नाही, म्हणून मला ती आवडते. ओबडधोबड आहे, अठराव्या वाढदिवसाला रातोरात कुणी शहाणं होत नाही, हे सगळं कबूल.

आणि या नियमांचा लगाम बहुतेक मोठ्यांनाच असतो. बालकामगार ठेवला तर शिक्षा ठेवणाऱ्याला. अल्पवयीनाने केलेला करारही बहुतेक देशांत त्याच्यावर सहसा लादता येत नाही. कंपनीच्या माणसाला हे ठाऊक नसेल? मग त्याला तुझी सही का नको, हे त्यालाच विचार.

फक्त एक कर, 'तू लहान आहेस' म्हणून तिला खोलीबाहेर बसवू नकोस. त्याचा मला भारी राग येतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही मुलांचं म्हणणं ऐकून त्याला वय आणि समजेनुसार वजन द्या, असं स्वच्छ लिहिलंय. वकिलाकडे तिला सोबत ने. गाण्यांचे हक्क कुणाकडे राहणार, मधेच सोडायचं झालं तर काय, हे तिलाच विचारू दे. आणि कागद मलाही पाठव, रविवारी निवांत वाचतो.

वहिनींना नमस्कार, लेकीला शाबासकी.

तुझा,
अविनाश