फोटोखाली दोन ओळी जास्त लिहा

संपादक साहेब, नमस्कार,

गुरूच्या दक्षिण ध्रुवाचा तो निळा फोटो तुम्ही मोठा छापलात त्याबद्दल मनापासून थँक्यू, मी कात्रण काढून ठेवलंय. पण खाली फक्त 'गुरूचे विलोभनीय रूप' एवढंच लिहिलं होतं, ते खटकलं. तो नासाने गुरूकडे पाठवलेल्या जुनो यानाचा फोटो आहे, ५२ हजार किमी उंचीवरून घेतलेला, वेगवेगळ्या फेऱ्यांतले तुकडे जोडलेला, आणि त्यातले रंग वादळांचे भोवरे उठून दिसावेत म्हणून मुद्दाम भडक केलेत. साध्या डोळ्याने गुरू असा दिसत नाही, फिकट दिसतो. हे कुठेच लिहिलेलं नसलं की पोरं दुर्बिणीतून बघतात, हिरमुसतात आणि मग घरातलंच कोणीतरी म्हणतं अरे सगळं कॉम्प्युटरवर बनवलेलं असतं ते. आमच्याकडे अगदी हेच झालं.

बनवलेलं नाहीये हो ते! यान स्वतःभोवती मिनिटाला साधारण दोन गिरक्या घेतं, त्यामुळे कॅमेऱ्यातून एक सलग फोटो येतच नाही, लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या येतात आणि त्या जुळवाव्या लागतात. हे कच्चे फोटो नासा सगळ्यांसाठी नेटवर टाकते आणि जगभरातले हौशी लोक रात्री जागून ते जुळवतात. त्यामुळे फोटो ज्याने जुळवला त्याचं नाव छापणं हे तुमचं कर्तव्यच आहे असं मला वाटतं.

आणि मुळात तो फोटो मिळवायला काय करावं लागतं बघा. २७ ऑगस्ट २०१६ ला जुनो गुरूच्या ढगांपासून फक्त ४,२०० किमीवरून गेलं, तासाला २ लाख किमीच्या वर स्पीड, एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे जेमतेम दोन तासांत आणि परत लांब निघून जायचं, पुढची भेट ५३ दिवसांनी. तिथलं रेडिएशन इतकं भयंकर की मेन इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या पेटीत बंद करून ठेवलंय, पण कॅमेरा त्या पेटीच्या बाहेर. पन्नासहून जास्त फेऱ्यांनंतर तो बिघडला, फोटोंवर नुसत्या रेघा आणि दाणे यायला लागले, आणि गुरूच्या आयो या चंद्राजवळून जायचा दिवस तोंडावर आलेला. मग टीमने इथून कमांड पाठवून कॅमेऱ्याचा हीटर वाढवला, नेहमीपेक्षा खूप जास्त गरम केला, आणि कॅमेरा सुधारला!! ३० डिसेंबर २०२३ ला सुमारे १,५०० किमीवरून आयोचे डोंगर स्वच्छ दिसले. कोट्यवधी किमीवरची ही दुरुस्ती, पहिल्या पानाची बातमी आहे ही.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा रंग खरे की वाढवलेले, किती अंतरावरून घेतला आणि कोणी जुळवला हे लिहा, आणि जमलं तर नैसर्गिक रंगातला फोटो शेजारीच छापा. कात्रणांच्या वहीत त्यासाठी एक पान मोकळं ठेवलंय.

- एक नेहमीचा वाचक